नाकाच्या वाटेने लोणारला

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, हे इथले लहान पोरही सांगेल. एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि कापूस. घाटावर अजिंठ्याच्या डोंगराचे पठार. तिथे सोयाबीन, तूर आणि हरभरा. पण हे भाग ओळखायला डोळेच हवेत असे नाही. एस.टी.त खिडकीशी बसा आणि डोळे मिटून घ्या. सरकीचा तेलकट, उबदार वास आला म्हणजे खामगाव जवळ आले. वारा गार झाला आणि त्यावर वाळल्या गवताचा व रानतुळशीचा वास आला की घाट चढला. आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाची एखादी झुळूक आली की समजावे, लोणारचे पाणी आता लांब नाही.

आम्हाला हे सारे नेहमीचे. नेहमीच्या गोष्टीची किंमत ती गेल्यावरच कळते. आमच्या घरात ती २०२१ साली कळली.

घराचे राखणदार

आमच्या वहिनींचे नाक म्हणजे घराचे राखणदार. दूध नासणार हे त्यांना आदल्या रात्री कळे. कोठीतल्या डाळीला कुबट वास लागला, ढेप खवट झाली, लोणच्याच्या बरणीत पाणी गेले, हे त्या झाकण उघडताच सांगत. भाकरी खरपूस झाली की करपली, हे ओसरीवर बसून ओळखत. त्या वर्षी एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली आणि आमचे घर सबंध आजारी पडले. देवाच्या कृपेने सगळे बरे झालो. वास सगळ्यांचाच गेला होता. इतरांचा पंधरा दिवसांत परत आला. वहिनींचा आला नाही.

"भाऊजी, मले काईच वास नाही येऊन राह्यला," त्या म्हणत. "फोडनी जळाली का झाली, तेबी कळत नाही." आम्ही हसण्यावारी नेले. नाकच तर आहे, डोळे तर गेले नाहीत, असे म्हणालो. आज त्याची लाज वाटते.

जुलैमधल्या एका रात्री गॅसची कळ थोडी उघडी राहिली. वहिनी पहाटे चहा ठेवायला उठल्या आणि काडीपेटी हातात घेतली. तेवढ्यात पुतणी पाणी प्यायला आली म्हणून बरे. ती दारातूनच ओरडली. स्वयंपाकघर गॅसच्या वासाने भरले होते आणि त्या वासाच्या मधोमध उभे राहून वहिनींना काही कळत नव्हते. पुढे कितीतरी दिवस त्या म्हणत राहिल्या, "माह्या हातानं घर जळालं असतं."

गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही. तो कळावा म्हणून सिलिंडरमधल्या गॅसात मर्कॅप्टन नावाचे अतिशय घाण वासाचे द्रव्य मुद्दाम घालतात. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू गळून साचला, स्फोट झाला आणि जवळपास तीनशे जीव गेले. त्यात बहुतेक मुले होती. त्यानंतर इंधनाच्या वायूत वास मिसळण्याचे कायदे झाले. म्हणजे आपल्या चुलीपाशी जो घाण वास येतो, तो एका गावाच्या दुःखातून आलेला पहारेकरी आहे. मात्र ज्याचे नाक गेले, त्याला पहारेकऱ्याची हाक ऐकू येत नाही.

खामगावहून निघालो

दिवाळीनंतर वहिनींनी लोणारला कमळजा देवीच्या दर्शनाला जायचे काढले. घटस्थापनेपासून देवळे उघडली होती. एस.टी.चा संप चालू होता, म्हणून गावातली एक जीप ठरवली. दादा, वहिनी, पुतणी आणि मी असे चौघे निघालो.

खामगाव हे कापसाचे जुने गाव. इथला कापूस मुंबईला नेता यावा म्हणून १८७० साली जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा टाकला. हंगामात जिनिंगच्या बाजूने गेले की सरकीचा वास येतोच. दादांना तो पहिल्या वळणावर आला. जिनिंगमध्ये काम करणारा ड्रायव्हरचा मेहुणा चौकापर्यंत जीपमध्ये होता. तो म्हणाला, "मले तं कोनताच वास येत नाही, बाप्पा!"

त्याचे नाक बिघडले नव्हते. नाकाची रीतच तशी आहे. एकच वास सारखा येत राहिला की नाक आणि मेंदू दोघेही त्याची दखल घेणे सोडतात. गोठ्यात राबणाऱ्याला शेणाचा वास येत नाही, पाहुण्याला मात्र लगेच येतो. नवीन काय आले हे कळावे म्हणून जुने विसरायचे, असा हा हिशेब आहे. हा विसराळूपणा कधी जिवावर बेततो, ते पुढे सांगतो.

वास म्हणजे काय, तर वस्तूचे हवेत उडालेले अगदी सूक्ष्म कण, म्हणजे रेणू. दगडातून असे रेणू सुटत नाहीत, म्हणून दगडाला वास नाही. फुलातून, तेलातून, कुजणाऱ्या पाल्यातून ते सुटतात. श्वासाबरोबर ते नाकात वर, थेट दोन डोळ्यांच्या मधल्या भागापर्यंत जातात. तिथे दोन्ही बाजूंना मिळून रुपयाच्या एक-दोन नाण्यांएवढी ओलसर त्वचा आहे. सगळा वास तेवढ्या जागेत कळतो. एखादी गोष्ट नीट हुंगायची झाली की आपण नाकाने भरभर श्वास ओढतो, तो हवा त्या उंच जागी पोचावी म्हणून. सर्दी झाली की वाट बंद होते आणि वास जातो.

वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी होती. काही शेतांत काठीला बांधलेले कामगंध सापळे दिसले. पुतणीने विचारले, "काका, त्या सापळ्याले वास येते का?" आपल्याला येत नाही. पण गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगाला तो दुरून येतो, आणि त्याचे नाक असते त्याच्या मिशांमध्ये. मादी पतंग जे गंधद्रव्य हवेत सोडते, तेच कारखान्यात बनवून त्या गोळीत भरलेले असते. नर मादीच्या शोधात येतो आणि पिशवीत अडकतो. कीटकांचे असे पहिले गंधद्रव्य १९५९ साली जर्मनीत रेशमाच्या पतंगापासून शोधले गेले. कपाशीत पाहणीसाठी हेक्टरी पाच सापळे लावतात. ओळीने तीन दिवस सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली असे समजतात. पतंगाचे नाक आपल्या कामी येते ते असे.

चारशे अक्षरांची बाराखडी

घाट चढून चिखलीला थांबलो. हॉटेलात कांद्याची भजी तळणे चालू होते. आमच्या तोंडाला पाणी सुटले, आणि वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या.

हे नवेच दुखणे होते. सप्टेंबरपासून त्यांना वास येऊ लागला होता, पण भलताच. कांदा परतला की गटाराचा वास येई. चहा जळक्या रबरासारखा लागे. नवऱ्याच्या ताटात भाजी वाढताना त्यांना उमासे येत. जेवण तुटले, अंग उतरले. शेजारच्या बायांनी "बाहेरचं काही असेल" म्हणून लिंबू उतरवायला सांगितले. खामगावच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मात्र धीर दिला. ते म्हणाले, "वेडावाकडा वास येतोय ना? म्हणजे नस परत जुळते आहे. घाबरू नका." त्यांचे म्हणणे त्या दिवशी पुरते कळले नव्हते. पुढे वाचून कळले, ते असे.

नाकातल्या त्या छोट्या जागेत वास टिपणाऱ्या पेशी लाखोंच्या संख्येने आहेत. पण त्यांचे प्रकार सुमारे चारशेच. प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक असतो, म्हणजे कुलपासारखा एक खाचा. त्यात काही ठरावीक घडणीचे रेणूच बसतात. अमेरिकेतले रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ साली या ग्राहकांची गुणसूत्रांतली मुळे शोधून काढली. त्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न असा, की प्रकार चारशेच आणि आपल्याला वास तर हजारो ओळखता येतात, हे कसे? याचे उत्तर आपल्या बाराखडीत आहे. अक्षरे मोजकी, पण शब्द किती होतात! एक रेणू एकाच कुलपात बसत नाही, थोडाफार अनेकांत बसतो. एक कुलूप अनेक रेणूंनी उघडते. म्हणून प्रत्येक वास म्हणजे चारशे अक्षरांपैकी काही अक्षरांचा मिळून झालेला एक शब्द असतो. कांदा परतल्याच्या वासात तर निरनिराळे पुष्कळ रेणू असतात. तो एक लांबलचक शब्दच म्हणा. पण शिकलेला माणूस जसा अक्षर-अक्षर न लावता शब्द एकदम वाचतो, तसा मेंदू तो सबंध वास एकदम वाचतो आणि म्हणतो, "भजी!"

अक्षरांचा जोर कमी-जास्त झाला तरी शब्द बदलतो. इंडोल नावाचे एक द्रव्य मोगरा-जाईच्या वासात अगदी थोडे असते, तिथे ते गोड वाटते. तेच द्रव्य पुष्कळ झाले की विष्ठेचा वास येतो. सुगंध आणि दुर्गंध यांच्यामध्ये कधी कधी केवळ मापाचे अंतर असते.

कोरोनाच्या विषाणूने वासाच्या पेशींवर थेट घाव घातला नाही, असे शास्त्रज्ञांना आढळले. त्याने शेजारच्या, त्यांना आधार देणाऱ्या पेशी पकडल्या. मेढी मोडल्यावर मांडव कसा उभा राहणार? वास गेला. सुदैवाने वासाच्या पेशी ही शरीरातली विलक्षण जात आहे. मेंदूतल्या बहुतेक पेशी एकदा गेल्या की गेल्या. या मात्र जन्मभर दर महिना-दोन महिन्यांनी नव्या येतात. नव्या पेशीला आपला धागा मेंदूतल्या ठरलेल्या जागी नेऊन जोडावा लागतो. दुखण्यानंतर सगळे धागे एकदम जुळत नाहीत, म्हणून शब्दातली काही अक्षरे गळतात. "कमळ" या शब्दातला "क" गळाला तर काय उरते? "मळ"! वहिनींचे तेच झाले होते. भजीच्या वासातली काही अक्षरे पोचत नव्हती आणि उरलेल्यांतून मेंदू गटार वाचत होता.

मेहकरचा कापूर

मेहकरला पैनगंगा ओलांडून शारंगधर बालाजीच्या देवळात गेलो. ही विष्णूची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. गाभाऱ्यापाशी कापूर, तुळस आणि फुलांचा एकत्र वास दाटला होता. दादा तिथे उगाच थांबले. बाहेर आल्यावर म्हणाले, "माय आठवली. ती मले इथं कडेवर घेऊन आली होती." सत्तरीला आलेला माणूस एका कापराच्या वासाने साठ-पासष्ट वर्षे मागे गेला.

हे असे का होते, यालाही कारण आहे. नाकाच्या छताला चाळणीसारखे एक हाड आहे. वासाच्या पेशींचे धागे त्याच्या छिद्रांतून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा गाठीत शिरतात. तिथे बाजार समितीच्या आवारासारखी व्यवस्था असते. तूर एका ढिगावर, हरभरा दुसऱ्या ढिगावर, तसे एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे धागे एकाच ठिकाणी गोळा होतात. कोणते ढीग उंच झाले, त्यावरून मेंदू वास ओळखतो. डोळ्यांचा आणि कानांचा निरोप आधी मेंदूतल्या एका मधल्या चौकीवर थांबतो. वासाचा निरोप त्या चौकीला वळसा घालून, भावना आणि आठवणी जिथे साठतात त्या भागांत थेट शिरतो. म्हणून वासाबरोबर आधी गहिवर येतो, नाव मागून आठवते.

वहिनी मात्र देवळात गप्प होत्या. म्हणाल्या, "देव दिसला, पन देवळात आल्यावानी नाही वाटलं."

आपली जनावरे तर या बाबतीत आपल्याहून हुशार. गाय व्याल्यावर वासराला चाटते, ती केवळ माया नव्हे. पहिल्या काही तासांत ती त्याचा वास पाठ करून घेते आणि पुढे शंभर वासरांत आपले ओळखते. शेळी-मेंढीचेही तसेच. म्हणून व्याल्याबरोबर पिलू दूर नेले आणि उशिरा आणले, तर आई कधी कधी त्याला पाजायला उभी राहत नाही. वळू मूत्राचा वास घेऊन वरचा ओठ दुमडतो आणि मान वर करतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले असेल. त्याच्या टाळूत वास घेण्याचा आणखी एक अवयव आहे. ओठ दुमडून तो वास तिकडे ओढतो आणि गाय माजावर आहे की नाही हे ताडतो.

विवराच्या तळाशी

सुलतानपूरवरून दुपारी लोणारला पोचलो. गावाच्या कडेला जमीन एकदम संपते आणि समोर ती अजस्र वाटी उघडते. काठापासून काठापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास आणि तळाशी पाणी. आपल्या पुराणात हे लोणासुराचे घर, दैत्यसूदनाने त्याला मारले ते हे ठिकाण. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ त्याचीच साक्ष देते. शास्त्रज्ञ सांगतात की आकाशातून पडलेल्या उल्केच्या तडाख्याने हा खड्डा झाला. १९७३ साली इथल्या दगडांच्या तपासणीवरून ते पक्के ठरले. काळ्या बसाल्ट खडकात उल्केने केलेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. त्याच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. कोणी पन्नास हजार वर्षे म्हणतात, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते पावणेसहा लाखांच्या घरात निघाले.

वर धारेवर गोमुखातून गोड पाणी बारमाही पडते. तिथे हातपाय धुऊन आम्ही पायऱ्यांनी खाली उतरलो. वरच्या अंगाला सीताफळीची आणि निरनिराळ्या झाडांची दाट सावली. तिथला वास ओल्या पाल्याचा, मातकट, थंड. जसजसे खाली जावे तसतसा तो मागे राहतो आणि एक उग्र दर्प पुढे येतो.

इथले पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे ते खारट तर आहेच, शिवाय सोड्यासारखे अल्कधर्मी आहे. इथला क्षार काच आणि साबण करायला उपयोगी पडतो, असे अकबराच्या काळातल्या आईन-इ-अकबरीतही नोंदले आहे. या पाण्यात साधे मासे वाढत नसत. सूक्ष्म शेवाळ मात्र दाट वाढते. जून २०२० मध्ये सगळे सरोवर गुलाबी झाले होते. क्षारांत रमणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. त्याच वर्षी लोणारला रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत जागा मिळाली. अलीकडच्या काही वर्षांत पाणी बरेच वाढले आहे आणि जुन्या देवळांची काळजी त्यामुळे लागली आहे.

हे शेवाळ मेले की तळाच्या काळ्या चिखलात साचते. तिथे प्राणवायू पोचत नाही. अशा जागी राहणारे जिवाणू गंधकाच्या क्षारांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. चिखलात पाय पडला की भपकारा येतो.

आम्ही काठाने कमळजेच्या देवळाकडे चाललो होतो. पुतणीचा पाय चिखलात रुतला. वहिनी थबकल्या. नाक आक्रसून म्हणाल्या, "भाऊजी, घान वास येऊन राह्यला. सडक्या अंड्यावानी. मलेच येते का तुम्हालेबी येते?"

आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. "आम्हालेबी येते," दादा म्हणाले. "अंड्याचाच?" "अंड्याचाच!"

सात महिन्यांत पहिल्यांदा वहिनींचे नाक आणि आमचे नाक एकच बोलले. त्या तिथेच दगडावर बसल्या आणि रडू लागल्या. मग हसू लागल्या. त्या घाण वासापायी इतका आनंद झालेले लोणारच्या काठावर दुसरे कोणी मला दिसले नाही. देवीपुढे त्यांनी काय मागितले ते विचारले नाही. परतीच्या चढणीला मात्र त्या सर्वांच्या पुढे होत्या.

नाकावर किती भरवसा ठेवावा

या वायूबद्दल थोडे गंभीर सांगायला हवे. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या शंभर कोटी भागांत मोजके काही भाग असला तरी नाकाला कळतो. उघड्या सरोवरावर तो वाऱ्याने पांगतो. पण बंदिस्त जागेत, म्हणजे संडासाच्या टाकीत, शेणाच्या खोल खड्ड्यात किंवा गोबरगॅसच्या टाकीत तो साचतो. दहा लाख भागांत शंभर-दीडशे भाग झाला की नाकाची नसच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, वास गेला, आता धोका नाही. सात-आठशेच्या पुढे गेला तर काही श्वासांतच तो कोसळतो. मघाशी म्हटले तो नाकाचा विसराळूपणा जिवावर बेततो, तो असा.

जुन्या विहिरीत आणखी निराळा घात असतो. तिथे कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तळाशी साचतो आणि प्राणवायू कमी होतो. या वायूला वासच नाही. नाक काहीच सांगत नाही आणि माणूस तळाला जाऊन पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा उतरतो, आणि एका घरातली दोन-तीन माणसे जातात. वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. बंद पडलेल्या विहिरीत किंवा टाकीत "वास तर येत नाही" एवढ्यावर उतरू नका. झाकण उघडून पुष्कळ वेळ हवा खेळू द्या. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर माणसे असल्याशिवाय कोणी उतरू नये. आत कोणी पडला तर मागोमाग उडी घेऊ नये; दोराने ओढावे आणि मदत बोलवावी. विहिरीत कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये हे खरे, पण जळत राहिला म्हणजे सगळे ठीक असेही नाही. गोबरगॅसच्या किंवा संडासाच्या टाकीजवळ तर ज्योत नेऊच नये, स्फोट होतो.

फवारणीचे औषध आणि धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या यांनाही हेच लागू. उग्र वास येतो ते जहाल आणि कमी वासाचे ते साधे, असा समज घातक आहे. २०१७ साली विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नये. गोळ्या ठेवलेल्या कोठीच्या खोलीत तर कोणीही झोपू नये. नाक राखणदार आहे खरे, पण राखणदारालाही कधी झोप लागते.

लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी

लोणारहून आल्यावर वहिनींनी डॉक्टरांनी सांगितलेला अभ्यास मनावर घेतला. तोवर त्या कंटाळा करीत होत्या. नाकाला शिकवण्याची ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९ साली तपासून मांडली. चार वास घ्यायचे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाचा वास काही सेकंद शांतपणे घ्यायचा आणि तो मनात आठवायचा. असे निदान बारा आठवडे करायचे. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण पुष्कळांना येतो. नव्या पेशींचे धागे जुळायला सरावाची मदत होते, असे दिसते. खर्च काही नाही. वहिनींनी चार डब्या केल्या आणि देवपूजेनंतर हा पाठ चालवला. लवंग जानेवारीत कळली, लिंबू होळीच्या सुमारास. कांद्याने सर्वांत जास्त छळले.

वास गेला की चवही गेली असे वाटते, त्यामागचे कारण मुलांना खेळून दाखवता येईल. नाक चिमटीत धरून बडीशेप चावा. फक्त थोडे गोड लागेल. चिमूट सोडा, की बडीशेप एकदम कळेल. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा थोड्याच चवी कळतात. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, ती घशामागून नाकात जाणारी वासाची झुळूक असते.

ज्यांचा वास महिनोन्‌महिने गेलेला आहे, एकाच नाकपुडीचा गेला आहे, किंवा डोक्याला मार लागल्यापासून गेला आहे, त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला जरूर दाखवावे. म्हातारपणी वास हळूहळू कमी होतो. अशा घरात शिळे अन्न आणि गॅसची कळ दुसऱ्या कोणीतरी रोज पाहावी. आमच्या घरी ते काम पुतणीकडे आले, ते अजून तिच्याचकडे आहे.

पुढच्या जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा वहिनी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होत्या. तापलेल्या मातीवर थेंब पडले आणि तो वास उठला. कणादांच्या वैशेषिक दर्शनात गंध हा पृथ्वीचाच गुण मानला आहे. त्या वासातला मोठा भाग मातीतले सूक्ष्म जिवाणू तयार करतात. त्या द्रव्याचे नाव जिओस्मिन. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी माणसाला ते कळते. थेंब आपटला की मातीतून बारीक बुडबुडे फुटतात आणि हा वास हवेत उडतो. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली या वासाला पेट्रिकोर असे नाव दिले. आपल्या देशात कनौजचे गंधी मात्र त्याचे अत्तर पिढ्यान्‌पिढ्या काढत आले आहेत.

हे सारे मी वहिनींना सांगायला निघालो होतो. पण त्या हातातले कपडे तसेच धरून उभ्या होत्या. अर्धे कपडे भिजले होते.

"वहिनी, कपडे!" मी ओरडलो.

"भिजू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "वास येऊन राह्यला."